गुलाबी प्रतीवरची चूक

जानेवारी लागला की हेब्बाळला आमच्या इमारतीच्या फाटकासमोर अवरेकाईच्या शेंगांची गाडी उभी राहते आणि माझा जबडा खाली येतो. गाडीवाल्याला वाटतं, बाई भाव ऐकून हादरली. तो लगेच शपथा घ्यायला लागतो. त्याला कसं सांगू, की बाबा रे, तुझ्या शेंगांचा काही दोष नाही. हा आ मी एका हिवाळ्यात वासला होता, तो अजून नीट मिटलेला नाही.

वास आहे तो. ओलसर, तेलकट, हिरवा. शेंग सोलली की बोटांना चिकटतो आणि साबणाला दाद देत नाही. इथले लोक म्हणतात, धुकं प्यायलेल्या शेंगेलाच हा वास येतो. धुकं नसेल तर ती नुसती भाजी. लग्नानंतर पुण्याहून नवी नवी आले तेव्हा मी एका गाडीवर जाऊन ठणठणीत आवाजात "पावटा कसा दिला?" असं विचारलं होतं. शेजारी रुक्माक्का होती. तिने मला दंडाला धरून बाजूला घेतलं आणि लग्नघरात कुणाचं तरी जुनं लफडं निघाल्यावर बायका बोलतात तशा आवाजात म्हणाली, "चारचौघांत पावटा म्हणू नको गं. ही अवरेकाई. पावटा हिच्या नात्यातलाच, पण घरात कोण त्याचं नाव काढत नाही."

आता शेंगा ओट्यावर पडल्यात. दाणे भिजत घातलेत. भिजलेला दाणा अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून दाबायचा. साल हातात राहते आणि आतला गर टुणकन उडतो. कानडीत त्या दाबण्याला हितकणं म्हणतात आणि मराठीत त्याला शब्द नाही, कारण मराठी माणसाला इतका वेळ नाही. मी हितकत बसते. साल इकडे, गर तिकडे. आणि दर दाण्यागणिक मला वाटतं, अक्काच्या त्या नखाची हालचालही अशीच होती. एवढीशी, सहज. आणि आतून जे बाहेर आलं, त्याने चार माणसांची झोप उडाली.

रुक्मिणीबाई तिचं नाव. तिचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा मराठी फौजेबरोबर इकडे आले होते, फौजेचे कपडे शिवायला. फौज परत गेली, शिंपी राहिले. तिचे वडील, अप्पा, इथल्या शिवाजीनगरच्या (पुण्यातल्या नव्हे) बाजारात अजून मशीन चालवत होते. तिचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हिच्या तोंडात दोन भाषा भाड्याने राहतात आणि न्हाणीघर एकच आहे. "स्वल्प सरक गं," म्हणायची. "सरी, सरी, कळलं," म्हणायची. मी हसले की म्हणायची, "हस तू पुणेकरीण. दहा वर्षं राहा इथं, मग तुझी आई तुला ओळखते काय बघू."

आम्ही नोकरीला होतो तो पंपांचा कारखाना शहराबाहेर बोम्मसंद्र्याला होता. गोष्ट नव्वदीच्या मधल्या वर्षांतली. हॉलमध्ये पाच-सहा टेबलं, एक टाईपरायटर, एक टेलिफोनचा बोर्ड आणि त्या बोर्डावर बसणारी शांता, जिला शहरातल्या सगळ्या बातम्या तारेतून थेट यायच्या. दुपारच्या सुट्टीत आम्ही तिघी अवरेकाई सोलायचो. कार्बनचा वास, मशीनच्या तेलाचा वास आणि शेंगांचा वास यांचं मिळून त्या हॉलचं एक स्वतःचं हवामान होतं.

काम असं चालायचं. प्रत्येक पंपाची चाचणी व्हायची. आकडे फोरमन आपल्या तेलकट वहीत बॉलपेनने लिहायचा. ती वही मी वाचून दाखवायची आणि रुक्माक्का चाचणीपत्र टाईप करायची. मध्ये तीन कार्बन घालून एका फटक्यात चार प्रती: पांढरी गिऱ्हाइकाला, पिवळी माल पाठवणाऱ्यांना, हिरवी स्टोअरला आणि गुलाबी आमच्या फायलीला. गुलाबी प्रती माझ्या ताब्यात. एवढंच माझं राज्य.

आणि रुक्माक्का म्हणजे त्या कारखान्यातली आख्यायिका. अठरा वर्षांत एक चूक नाही! आमचे जनरल मॅनेजर, ज्यांना सगळे जीएमच म्हणायचे, बाहेरचा पाहुणा आला की त्याला पंप दाखवायच्या आधी तिचं एक पत्र दाखवायचे. खिडकीसमोर धरून. "बघा. एक खाडाखोड दिसते का? अठरा वर्षं!" एका पाहुण्याने तर अक्काला हात जोडले होते. अक्का खाली मान घालून कार्बन सरळ करत राहिली. आम्हाला वाटलं, काय हा विनय.

तिचं नाव मात्र त्या कागदावर कुठेच नसायचं. सही जीएमची, जाडजूड, शेवटी शेपटी काढलेली. आणि तळाशी डाव्या कोपऱ्यात, मुंगीएवढी दोन इंग्रजी अक्षरं, आर आणि बी, लहान लिपीतली. टाईपिस्ट कोण ते कळावं म्हणून. टाईपिस्ट सही करत नाही. कशावर करणार? मजकूर दुसऱ्याचा, विचार दुसऱ्याचा, तिची नुसती बोटं.

त्या बोटांवरूनच शांताचं डोकं फिरलं होतं. अक्काच्या उजव्या खणात नेलपॉलिशच्या चार बाटल्या होत्या. शांताने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. पांढरट, गुलाबी, पिवळी आणि हिरवी. आणि अक्काची नखं कोरी! पंचेचाळिशीची बाई, एक अंगठ्याचं नख तेवढं थोडं वाढवलेलं, बाकीची कापलेली, स्वच्छ.

"हिरवी," शांता मला दबक्या आवाजात म्हणाली. "हिरवी नखं कोण रंगवतं सांग. नाटकातली राक्षसीण."

"पायांना लावत असेल."

मग दोन दिवस आम्ही दोघी अक्काच्या पायांकडे बघत होतो. तिच्या चपला उघड्या होत्या. अंगठे कोरे. तिसऱ्या दिवशी अक्काने मान वर न करता विचारलं, "काय बघता गं? पाय उलटे आहेत काय माझे?"

डिसेंबर संपत आला होता. बाहेर सकाळचं धुकं दहा वाजले तरी हलायला तयार नव्हतं. मी वही वाचत होते, अक्का टाईप करत होती, टकटक टकटक, आणि मी ओळ चुकले. खालच्या पंपाचा आकडा वरच्याला वाचला. "शहाऐंशी" म्हटलं. टकटक, पडले शहाऐंशी. मग माझं बोट वहीवर सरकलं आणि बरोबर ओळीवर थांबलं.

"अक्का... अडुसष्ट होतं."

मशीन थांबलं. अठरा वर्षं! आणि मी, सहा महिन्यांची पुणेकरीण, मी ती मोडली! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अक्काने एकदा शांताकडे पाहिलं; शांता फोनवर होती. अक्काने खण उघडला. चार बाटल्या बाहेर आल्या. कागदांचा गठ्ठा मशीनमध्येच राहू देऊन तिने पांढरी प्रत उचलली, पांढऱ्या बाटलीतल्या ब्रशने आकड्यावर एक ठिपका, फूं. कार्बन बाजूला. गुलाबी प्रत, गुलाबी ठिपका, फूं. पिवळी, पिवळा, फूं. हिरवी, हिरवा, फूं. गठ्ठा पुन्हा बसवला, मशीन दोन घरं मागे घेतलं, आणि टक टक. अडुसष्ट.

मी वाकून बघितलं. काही नव्हतं. म्हणजे कुठल्याही प्रतीवर काही घडल्याची खूणच नव्हती. बाजारचं व्हाईटनर गुलाबी कागदावर लावलं तर चुन्याचा थेंब पडल्यासारखं दिसतं, आंधळ्यालाही कळतं. हे त्या कागदाचंच कातडं होतं.

"चल, पुढचा आकडा," अक्का म्हणाली. "आणि तोंड मीट. माशी जाईल."

"म्हणजे... अठरा वर्षं..."

"रोज. दिवसाला तीन-चार. सोमवारी स्वल्प जास्त."

देवळात उभं असावं आणि मूर्तीला शिंक यावी, तसं मला झालं. घाबरावं, हसावं की कुणाला तरी बोलवावं, कळेना. आज इतक्या वर्षांनी विचार करते तेव्हा वाटतं, माझं खरं धाबं कशाने दणाणलं? ती चुकते याने नाही. चुकूनही इतकी शांत राहते, याने. माझ्या माहेरी दूध उतू गेलं तरी तीन पिढ्यांचा उद्धार व्हायचा. आणि इथे एक बाई फूं म्हणत होती आणि टक टक, पुढचा आकडा.

पुढच्या रविवारी तिने मला शिवाजीनगरला नेलं. अप्पांचं दुकान म्हणजे दोन मशीनं, एक आरसा आणि बारा महिने पायाखाली चिंध्या. ऐंशीचे होते अप्पा, सुईत दोरा मात्र स्वतः ओवायचे. मागच्या बाजूला एका खलात अक्काचं गुपित होतं: शिंप्याचा खडू. कापडावर आखायला वापरतात तो, तिकोनी, पातळ. पांढरा, गुलाबी, पिवळा, निळा. तो ती वस्त्रगाळ कुटायची. शेजारी लाकूड पॉलिश करणारा होता, त्याच्याकडून स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख आणायची. लाख जास्त झाली तर ठिपका चकाकतो आणि चोरी पकडली जाते. कमी झाली तर पूड झडते. स्पिरिट जास्त झालं तर खालचं अक्षर फुटून पसरतं. आधीच्या नोकरीत चार वर्षं लागली होती तिला ते माप सापडायला. हिरवा खडू मिळत नाही, म्हणून निळा आणि पिवळा, त्यात चिमूटभर पांढरा.

"आणि रंग? रंग असा कसा जुळतो?"

उत्तर अप्पांनी दिलं, मशीनवरून मान न उचलता. "उन्हात न्यायचं. कोटाला अस्तर लावायचं तर गिऱ्हाइकाला दुकानात नाही दाखवायचं, रस्त्यावर न्यायचं. ट्यूबखाली सगळेच रंग नातेवाईक दिसतात. उन्हात नेलं की कळतं कोण कुणाचं."

मग अक्काने खलामागून एक वही काढली. तिच्यात एक लेबल काढलेलं होतं. सुबक अक्षरात, रंगीत पेन्सिलींनी. वर चार ठिपके, चार रंगांचे, आणि खाली 'रुक्मिणी'. मी तिच्याकडे बघितलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा, किंवा माझ्या सहा महिन्यांत म्हणा, ती लाजली.

स्टेशनरीचा एक ठोक व्यापारी तिच्या बाटल्या विकायला तयार होता. शहरभर कार्बनप्रती निघत होत्या. कचेऱ्या, कारखाने, वकील, सगळीकडे गुलाबी-पिवळे कागद आणि त्यांवर चुन्याचे थेंब. पण त्याची अट होती. एका मोठ्या कारखान्याचं पत्र हवं, मॅनेजरच्या सहीचं: ही वस्तू आम्ही वापरतो, या बाईंनी तयार केली, उत्तम आहे.

"मग माग ना जीएमकडे! आहेतच की ते तुझे भक्त."

"काय सांगू मागताना?" अक्का म्हणाली. "सार, ही माझ्या चुकांची बाटली?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. बाकी जगात ज्याने काही शोधलं त्याला ते दाखवता येतं. दिवा लावून दाखवा, पंखा फिरवून दाखवा. अक्काची वस्तू चांगली असल्याचा पुरावा एकच: ती दिसत नाही. आणि दाखवायची म्हटली तर आधी ते नाव पुसावं लागणार, चूक न करणारी बाई, जे तिला या वस्तूनेच मिळवून दिलं होतं. एका हातात ते नाव आणि दुसऱ्या हातात हे लेबल. दोन्ही एकदम धरता येत नव्हती.

"संक्रांतीनंतर सांगते," ती म्हणाली.

संक्रांतीआधी दुसरंच आलं. परदेशी गिऱ्हाइकांना पंप विकायचे तर गुणवत्तेचं एक सर्टिफिकेट लागणार होतं, ज्याच्या नावात अक्षरांपेक्षा आकडे जास्त होते. त्या वर्षांत सगळ्या बोम्मसंद्र्याला त्याचा ताप चढला होता. भिंतींवर धोरणं लागली. झाडांना नंबर पडले. माझी गुलाबी फाईल एकाएकी मौल्यवान झाली. आणि त्यासाठी नेमलेल्या सल्लागाराने नियम सांगितला: कागदावर व्हाईटनर बंद. चूक झाली तर तिच्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर लिहायचं आणि जो चुकला त्याने सही करायची.

अक्काने हे माझ्याकडून तीनदा ऐकलं. "म्हणजे चूक करायची ती करायची, वर तिच्याशेजारी नाव लिहायचं?"

"हो."

"टाईपिस्टने पण?"

"टाईपिस्टने पण."

ती बराच वेळ कार्बनच्या काळ्या बाजूकडे बघत बसली.

हॉलमधल्या व्हाईटनरच्या बाटल्या गोळा करायचं काम माझ्यावर आलं. मी इमानेइतबारे टेबलाटेबलावरून त्या उचलल्या, खोक्यात भरल्या, यादी केली. अक्काचा उजवा खण मी उघडला नाही. नेलपॉलिश स्टेशनरीत येत नाही, असा मी माझ्यापुरता निकाल दिला. आजही मला त्या निकालाचा अभिमान वाटतो आणि थोडी धडकीही भरते.

सर्टिफिकेटसाठी तपासणी करणारे ऑडिटर आले ते जानेवारीच्या अगदी मधोमध. किडकिडीत, इस्त्रीचा शर्ट, आणि चेहरा असा की याला लहानपणीही कुणी फसवलं नसेल. शांताने टेबलाखाली भिजत घातलेल्या अवरेकाईचा डबा लपवला, पण वास कुठे लपवणार? ऑडिटरनी एकदा नाक वर केलं आणि माझी गुलाबी फाईल मागितली.

ते एकेक पान उलटत गेले. शंभर. दोनशे. जीएम शेजारी उभे, छाती पुढे. "अठरा वर्षं, सार. एक चूक नाही," त्यांना राहवलं नाही. ऑडिटरनी फाईल मिटली.

"तेच म्हणतोय," ते म्हणाले. "वही बघितली मी तुमच्या फोरमनची. तेलाचे डाग, काटछाट, एका पानावर तर चहा सांडलाय. ती खरी वही आहे. आणि हे?" त्यांनी फायलीवर बोट ठेवलं. "एवढे कागद आणि एक चूक नाही. माणसाच्या हातून असं होत नाही. हे सगळं गेल्या आठवड्यात बसून माझ्यासाठी नव्याने टाईप केलंय." मग माझ्याकडे वळून, "फाईल तुमच्या ताब्यात असते?"

माझ्या पायाखालचा बोम्मसंद्रा सरकला. मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, देव जाणे. जीएमचा चेहरा भिंतीच्या रंगाचा झाला. ऑडिटरनी पेनाचं टोपण काढलं. 'बनावट कागद' हे दोन शब्द लिहिले गेले की सर्टिफिकेट गेलं, कारखान्याचं नाक गेलं आणि संध्याकाळपर्यंत मी पुण्याच्या गाडीत.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"एक मिनिट, सार."

अक्का आली. पदराला हात पुसले. फाईल उघडली, पानं चाळली, एक गुलाबी कागद काढला आणि खिडकीशी गेली. तिथे धुक्यातून नुकतं पिवळं ऊन उतरलं होतं. तिने कागद उन्हात तिरका धरला, बघितलं, परत आली, टेबलावर ठेवला आणि अंगठ्याच्या नखाने चौथ्या ओळीवर अलगद खरवडलं. गुलाबी कपचा उडाला. फुलाच्या पाकळीच्या कोपऱ्याएवढा. खाली शहाऐंशी.

माझेच शहाऐंशी!

"इथं मी चुकले होते," अक्का म्हणाली. "वही बघा. अडुसष्ट आहे. वर अडुसष्टच मारलंय." तिने दुसरा कागद काढला. नख. कपचा. तिसरा. नख. कपचा. "मी चुकते, सार. रोज चुकते. हे कागद त्या त्या दिवसाचे आहेत. गेल्या आठवड्यात बसून नक्कल केली असती तर एवढ्या चुका कशाला करून झाकल्या असत्या?"

अकरा कागद तिने असे सोलले. प्रत्येक वेळी ऑडिटर वही बघत. प्रत्येक वेळी वरचा आकडा वहीतलाच. जीएमकडे मी पाहिलं. घरातल्या पिढीजात सोन्याच्या कड्यावर सोनाराने "पितळ आहे" म्हणावं तसे ते उभे होते. मी एवढंच सांगते की त्या हॉलमध्ये त्या क्षणी सात तोंडं उघडी होती आणि सातवं माझं.

मग ऑडिटर उठले, एक गुलाबी कागद घेऊन स्वतः खिडकीशी गेले. उलटा केला, तिरका केला, चष्मा काढला, घातला. शेवटी एका जागी स्वतःच्या नखाने खरवडू लागले. कागदाला भोक पडलं. दुसरीकडे खरवडलं. दुसरं भोक.

"कुठे आहे?"

"तिथं नाही, सार," अक्का हळूच म्हणाली. "तिथं मी बरोबर होते."

त्यांनी बाटल्या मागवल्या. तिने खण उघडून आणल्या. शांताच्या तोंडून "अय्यो, म्हणजे नखांसाठी नव्हत्याच!" असं निघून गेलं, आणि तिच्या आवाजातली निराशा मी कधी विसरणार नाही. ऑडिटरनी प्रत्येक बाटली उघडून हुंगली. खडू, लाख, स्पिरिट, सगळं विचारलं, अस्तराचं आणि उन्हाचंही. "ही फार वाईट गोष्ट आहे," ते म्हणाले. आणि मग तितक्याच गंभीरपणे, "आणि फार सुंदर काम आहे." चारही बाटल्या त्यांनी पाकिटात घालून सील केल्या.

त्याच दुपारी अक्का जीएमच्या केबिनमध्ये गेली. आता लपवायला उरलंच काय होतं? लेबल दाखवलं, पत्र मागितलं. पाच मिनिटांत बाहेर आली. "काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, आमच्या चुका दिसत नाहीत असं मी लेखी देऊ? त्यापेक्षा कारखान्याला कुलूप लावतो." तिने लेबल घडी करून ब्लाउजमध्ये खोचलं. "सरी. नाही तर नाही." आणि शेंगा सोलायला बसली. तिने एकही दाणा नीट काढला नाही; सगळे चिरडले. मी आणि शांताने चिरडलेले दाणे बाजूला केले.

दुसऱ्या दिवशी ऑडिटरचा अहवाल टाईप करायचा होता. हस्तलिखित त्यांचं, चार प्रती, त्यांची आणि जीएमची सही, मग ते गाडीत बसणार. सर्टिफिकेटची शिफारस केलेली होती. फक्त एक शेरा होता. नेहमीसारखी मी वाचत होते, अक्का मारत होती.

"'चाचणीपत्रांवर टाईपिस्ट श्रीमती रुक्मिणीबाई यांनी स्वतः तयार केलेला, प्रत्येक प्रतीच्या रंगाशी जुळणारा द्रव वापरलेला आढळला. त्याखालची दुरुस्ती डोळ्यांना दिसत नाही. हा वापर तात्काळ बंद करावा.'"

मशीन थांबलं. "परत वाच."

मी वाचलं.

"नाव आहे?"

"आहे."

"'स्वतः तयार केलेला' आहे?"

"आहे, अक्का."

"'डोळ्यांना दिसत नाही' पण त्यांनीच लिवलंय?"

"त्यांनीच."

"हळू वाच," ती म्हणाली. मी नावाचं एकेक अक्षर तोलून वाचलं. टक, टक, टक. आणि स्वतःच्या नावाच्या बरोबर मधोमध, जे नाव ती पंचेचाळीस वर्षं वागवत होती, तिथे अक्काच्या हातून चुकीचं अक्षर पडलं.

खण रिकामा. बाटल्या सीलमध्ये. ऑडिटर घड्याळ बघत केबिनमध्ये. "नवा सेट घालू?" मी विचारलं.

"कशाला?" अक्का म्हणाली. "नियम काय आहे?"

पुढे तिने बरोबर नाव मारलं, शेरा पुरा केला, गठ्ठा बाहेर काढला. पट्टी घेतली. चारही प्रतींवर त्या चुकीच्या नावावरून एकेक सरळ रेघ. खालचं वाचता येत होतं. मग तिने पेन उघडलं आणि शेजारी सही केली. पांढऱ्या प्रतीवर, गुलाबीवर, पिवळ्यावर, हिरव्यावर. पूर्ण सही, रुक्मिणीबाई, शेवटी जीएमसारखी शेपटी काढून.

"अगं, नियमात छोटी सही म्हटलीय," मी कुजबुजले.

"छोटी येत नाही मला. सवय नाही."

जीएमनी खाली सही केली तेव्हा त्यांचं पेन तिच्या सहीपाशी क्षणभर अडखळलं. बोलता काय येणार होतं? नियम त्यांनीच भिंतीवर लावला होता.

दोन-तीन वर्षांत संगणक आले. कार्बन गेला, गुलाबी कागद गेले, आणि व्यापाऱ्याने त्या बाटल्या घेतल्या असत्या तरी त्या किती दिवस खपल्या असत्या कुणास ठाऊक. जुन्या फायली नष्ट करायची वेळ आली तेव्हा यादी अर्थात माझ्याचकडे होती. मी एक गुलाबी कागद यादीत घातला नाही. अशा बाबतींत माझा हात बसलेला होता.

तो आता शिवाजीनगरला आहे. अप्पा कधीच गेले. दुकान भाचा चालवतो आणि अक्का, पंचाहत्तरीची, दाराशी ऊन येतं तिथे स्टुलावर बसून गिऱ्हाइकांना अस्तरं रस्त्यावर नेऊन दाखवते. आरशाशेजारी चौकटीत तो शेरा. लोक विचारतात, आजी, कसलं सर्टिफिकेट? ती सांगते, "मी एक वस्तू केली होती, ती बंद करा म्हणून साहेबांनी लिहून दिलंय. बघा, सही माझी पण आहे."

दर जानेवारीत मी शेंगा घेऊन जाते. काल गेले होते. दोघी दाराशी हितकत बसलो. चौकटीतला गुलाबी रंग उन्हाने उडून आता साबूदाण्यासारखा झालाय; शाई मात्र आहे. मी इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं, ते विचारलं.

"अक्का, खरं सांग. स्वतःच्या नावात चुकलीस?"

तिने दाणा बोटांत धरला. उन्हाकडे बघितलं.

"तू फार हळू वाचलंस गं," ती म्हणाली. "तेवढ्यात सुचलं."

गर टुणकन उडून माझ्या मांडीवर पडला. मी बघतच राहिले.

"मीट," अक्का म्हणाली. "माशी जाईल."